वरची मेणबत्ती, खालची मेणबत्ती

द्रेनिक गावात मेणबत्त्या करायचं काम पेरुनिकाकडे होतं. ते तिला कोणी नेमून दिलं नव्हतं. सासू करायची, म्हणून ती करू लागली. घरामागे त्सेर डोंगराचा उतार सुरू होतो, तिथं तिच्या मधमाश्यांची चौदा घरं होती, गवत विणून केलेली, उपड्या टोपल्यांसारखी. मध घरात आणि बाजारात जायचा, मेण मात्र चर्चचं.

चर्चच्या दाराशी वाळू भरलेली दोन ताटं होती, एक वर, एक खाली. वरच्या ताटात जिवंत माणसांसाठी मेणबत्ती लावायची, खालच्यात मेलेल्यांसाठी. यात पोरंसोरंसुद्धा चुकत नाहीत. चुकली ती येलिसावा, तुर्कांशी लढाई चालू होती त्या साली. नवरा पडला अशी कोणीतरी बातमी आणली, तिनं रडत रडत खाली मेणबत्ती लावली, आणि महिन्याभरात नवरा धडधाकट घरी आला. आठव्या दिवशी आलुबुखाराच्या झाडावरून पडून मेला. झाड जुनं होतं, फांदी किडकी होती आणि गड्याच्या पोटात सकाळपासूनची राकियाची दारू होती, हे सगळं खरं. पण गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल की येलिसावानं त्याला मारलं.

उलटी चूकही तितकीच वाईट. मेलेल्याला खालची मेणबत्ती मिळाली नाही, तर तो पलीकडे अंधारात चाचपडत राहतो.

पेरुनिकाचं वय एक्कावन्न. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती; त्याची मेणबत्ती आता वर्षातून एकदाच, तो गेला त्या दिवशी. मोठा मुलगा मिलोये बल्गेरियाच्या लढाईत गेला, गोळीनं नव्हे, पटकीनं. त्याची मेणबत्ती खाली. धाकटा विता बावीस वर्षांचा, त्याची वर. विताची मेणबत्ती ती जरा जाड करायची. शेजारची स्तोयांका चारचौघींत म्हणायची, "बघा गं, मेणाच्या मालकिणीचा पोरगा! आमच्या मेणबत्त्या सुतळीएवढ्या आणि याची मुसळाएवढी!"

"तुला हेवा वाटतो, तर तूही पाळ मधमाश्या," पेरुनिका म्हणायची. "एकदा चावल्या की तोंड तरी बंद राहील तुझं."

दोघी अशाच तीस वर्षं एकमेकींशी बोलत आल्या होत्या.

१९१४ साली जूनमध्ये, विदोवदानच्या सणाला सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाला कोणीतरी गोळी घातली. बातमी दुसऱ्या दिवशी शाळामास्तरानं आणली. चर्चसमोरच्या मोठ्या झाडाखाली पुरुष जमले. ग्वोझ्देन गाडीवान, पेरुनिकाचा लांबचा दीर, म्हणाला, "त्याला कालचाच मुहूर्त सापडला होता काय मिरवायला?"

"मारणारी पोरं आपल्याच रक्ताची आहेत," मास्तर म्हणाला.

"मग झालं. बिल आपल्याच दारात येणार."

महिनाभर काहीच आलं नाही. लोक गवत कापत राहिले. मग ऑस्ट्रियानं अटींची यादी धाडली, उत्तर द्यायला दोन दिवस दिले, आणि शनिवारी ढोलवाला गावात फिरला. तिसरी लढाई. तुर्कांची संपली, बल्गेरियाची संपली, आता पलीकडच्या सम्राटाची. मोठ्यांनी टेबलाशी बसून रागवायचं आणि आमच्या पोरांनी गहू अर्धा कापलेला टाकून उठायचं, ही जगाची रीतच आहे.

विता कोयता शेतातच ठेवून आला. पेरुनिकानं त्याच्या झोळीत मक्याची भाकरी, कांदे आणि लोकरीचे दोन मोजे घातले.

"आई, माझी मेणबत्ती बारीक केलीस तरी चालेल. मेण पुरवून वापर."

"तू मला मेण शिकवू नकोस. पत्र टाक."

"टाकीन. पण नाही आलं तर लगेच खाली लावून मोकळी होऊ नकोस हं. येलिसावाच्या नवऱ्यासारखा मी झाडावरून पडायचो."

तो हसत होता. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तिनं त्याला शेवटचा हात लावला तो असा.

ग्वोझ्देन अठ्ठेचाळीसचा, म्हणजे सैन्याच्या तिसऱ्या, वयस्कांच्या फळीतला. त्या फळीला गणवेश नव्हता. स्वतःचा सदरा, स्वतःच्या वहाणा, आणि बापाच्या वयाची बंदूक. त्याला बैलगाडीसकट बोलावलं. "दोन लढाया केल्या," तो म्हणाला, "आता बैलच म्हणतायत, बाबा, आम्हाला पेन्शन द्या."

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाचं सैन्य द्रिना नदी ओलांडून आलं. त्यात झेक होते, क्रोएट होते, हंगेरियन होते. आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव, श्वाबा. ते गावात आले तेव्हा बऱ्याच बाया पोरांना घेऊन ओढ्याच्या घळीत लपल्या होत्या. स्तोयांकाचा नवरा रादिसाव गेला नाही. "साठ वर्षांच्या म्हाताऱ्याचं कोण काय करतंय," म्हणाला. त्यांनी त्याला फाटकातच गोळी घातली. आणखी सात जणांना घातली, नऊ घरं जाळली. मग चार दिवस त्सेर डोंगरावर तोफा चालल्या. घळीत बसलेल्यांना वरून माती गळताना दिसायची. सणाला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायची द्राक्षं वेलीवरच राहिली. त्याच सुमारास श्वाबा मोडला आणि नदीकडे पळत सुटला. त्या लढाईतला हा पहिला विजय होता म्हणतात. आमच्याकडे तो विजय आला तेव्हा मढ्यांचा फार वास येत होता.

पेरुनिका घरी परतली. मधमाश्यांची सहा घरं उलथली होती. मधमाश्यांना पाणी प्यायला ती दगडाची कुंडी भरून ठेवायची. त्या कुंडीशी एक श्वाबा पालथा पडला होता. पोटात लागलं होतं, पाण्यासाठी सरपटत आला असावा. एक हात कुंडीत होता. चेहऱ्यावर मिसरूड नुकती फुटलेली.

ग्वोझ्देन जखमींना पोचवून रिकामी गाडी घेऊन चालला होता. तो थांबला.

"वहिनी, उचलू? वर मोठा खड्डा खणलाय, त्यात सगळे एकत्र टाकतायत."

"नको. इथंच खणा."

"अहो, श्वाबा आहे तो! पलीकडे रादिसाव पडलाय अजून."

"रादिसावलाही पुरू. हा माझ्या अंगणात पाणी मागायला आला आणि मी घरी नव्हते. पाहुणा आहे, भावोजी. खणा."

ग्वोझ्देननं शिव्या देत खणलं. पोराच्या गळ्यात पितळेची डबी होती, आत कागद. पाद्रीबाबांना अक्षर लागलं: बोहुमिल, चांभार, झेक मुलखातल्या कुठल्याशा गावचा. खिशात अर्धवट लिहिलेलं पत्रही होतं. पहिलाच शब्द आईला हाक मारणारा होता आणि तो कोणी समजावून द्यायची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी पेरुनिकानं वर एक मेणबत्ती लावली आणि खाली दोन.

स्तोयांका काळ्या रुमालात मागेच उभी होती. "खाली दोन कुणाच्या? एक मिलोयेची. दुसरी?"

"माझ्याकडे पुरलाय त्याची."

स्तोयांकानं वाकून ती मेणबत्ती उपटली आणि वाळूत खुपसून विझवली. "माझ्या म्हाताऱ्याचं रक्त फाटकावर वाळलं नाही अजून, आणि ही त्यांच्यासाठी मेण जाळतीय! लाज नाही वाटत?"

सगळं चर्च ऐकत होतं. पेरुनिकाला वाईट वाटलं, कारण रादिसावला तीही तीस वर्षं ओळखत होती. ती हळूच म्हणाली, "त्याच्या आईला कळलेलं नाही. ती अजून वरच लावत असणार. मग त्याला खालची कोण लावणार? अंधारात राहील की पोरगं."

"राहू दे!" स्तोयांका म्हणाली.

पाद्रीबाबांनी धूपदाणी उचलली आणि पुढची प्रार्थना सुरू केली. त्यानंतर दर रविवारी असंच व्हायचं. पेरुनिका तिसरी मेणबत्ती लावायची, स्तोयांका ती उपटायची. एका रविवारी स्तोयांका तापानं घरी होती, तर बायांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

विताचं कार्ड सप्टेंबरच्या सुरुवातीला आलं. 'द्रिनाकाठी डोंगरात आहोत, मोजे उपयोगी पडतात.' मग काहीच नाही. त्याच डोंगरात नंतर कापाकापी झाली, हे सगळ्यांना कळलं. कोणी म्हणे, विता तिथंच पडला. कोणी म्हणे, वाल्येवोच्या दवाखान्यात त्याच्यासारखाच एक मुलगा पाहिला. ऑक्टोबरात ग्वोझ्देन बैल बदलायला एका दिवसासाठी आला, तेव्हा पेरुनिका धावत गेली.

"विताला पाहिलंत कुठं?"

"नाही बा," ग्वोझ्देन म्हणाला. तो बैलाचा खूर उचलून बघत होता. "सैन्य मोठं आहे, वहिनी. कोण कुठं सापडतो?"

मग तिची झोप उडाली. विता मेला असेल आणि ती वरच लावत राहिली, तर तो अंधारात. विता जिवंत असेल आणि तिनं खाली लावली, तर तिनंच त्याला मारला. मेण तिचं, वात तिची, आणि लावायची कुठं हे ठरवणारं तिच्याशिवाय कोणी नाही. गाव सल्ले द्यायला तयार होतंच. स्तोयांकासुद्धा एकदा फाटकाशी थांबून म्हणाली, आवाज जरा मऊ करून, "दोन महिने झाले गं. खाली लाव. नाहीतर पोराचे हाल होतील तिकडे."

"आणि परत आला तर?"

"मग निदान झाडावर चढू देऊ नकोस त्याला," स्तोयांका म्हणाली आणि निघून गेली.

नोव्हेंबरात श्वाबा पुन्हा आला आणि आमचं सैन्य मागं हटलं. सैन्यामागून गाव निघालं, चिखलातून, गाईगुरं आणि गाठोडी घेऊन. पेरुनिकानं गाठोड्यात मेणाचा एक गोळा घेतला. वाटेत जे चर्च लागेल तिथं ती वर एक आणि खाली दोन लावायची. दोन्ही बाया एकाच गाडीमागून चालत होत्या. वाटेत मात्र स्तोयांकानं मेणबत्ती उपटली नाही. परक्या चर्चमध्ये तमाशा नको, एवढंच ती म्हणाली.

डिसेंबरात डाव उलटला. श्वाबा दुसऱ्यांदा नदीपार गेला, गाव परतलं. चर्चच्या खिडकीची काच फुटली होती. दोन्ही ताटं जागेवर होती.

नाताळाच्या आदल्या पंधरवड्यात ग्वोझ्देन आला. एकच बैल उरला होता. तो पेरुनिकाच्या अंगणात येऊन बसेना, टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"वहिनी, मी ऑक्टोबरात खोटं बोललो."

तिनं हातातली वात खाली ठेवली.

"सप्टेंबरात त्याला माझ्याच गाडीत घातलं होतं. छातीत लागलं होतं. शुद्धीवर होता थोडा वेळ. म्हणाला, काका, गाडी हळू हाका, बैल दमलेत. बघा, स्वतःचं सोडून बैलांचं. संध्याकाळच्या आत गेला. नाशपातीच्या झाडाखाली पुरला मी. ऑक्टोबरात तुमचं तोंड बघितलं आणि... जमलं नाही. शेण खाल्लं मी."

पेरुनिकानं तीन महिने गिळलेलं एकच विचारलं. "मेणबत्ती होती तुमच्याकडे?"

"माझ्याकडे कुठली? पण झाडापलीकडे एक घर होतं. त्यातली म्हातारी आली, तिनं लावली. नाव विचारून घेतलं. दर रविवारी खाली लावीन म्हणाली."

हे खरं होतं, की गाडीवानानं तिचं मन राखायला तिथंच रचलं, हे तिनं विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. तिनं आत जाऊन त्याला राकिया आणून दिली, आणि मग ओसरीत बसून मोठ्यानं रडली. भिंतीपलीकडे स्तोयांकाला ऐकू गेलं.

रविवारी पेरुनिका चर्चमध्ये आली. मिलोयेची मेणबत्ती खाली लावली. बोहुमिलची खाली लावली. मग जाड मेणबत्ती पेटवली आणि तिचा हात सवयीनं वर गेला. वरच्या वाळूत तिनं ती रोवली. चुकलं हे तिला कळत होतं, मागे उभ्या सगळ्यांना कळत होतं, पण बोटं मेणावरून सुटत नव्हती.

स्तोयांका पुढे झाली. बायांना वाटलं, आता नेहमीचं सुरू होणार. तिनं पेरुनिकाची बोटं एकेक करून सोडवली, जाड मेणबत्ती वरून काढली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि खालच्या वाळूत मिलोयेच्या मेणबत्तीशेजारी रोवली. बोहुमिलची मेणबत्ती तोवर विझली होती. स्तोयांकानं ती उपटली, विताच्या ज्योतीवर धरून पेटवली आणि पुन्हा होती तिथं लावली.

"फुटक्या खिडकीतून वारा येतो," ती म्हणाली.

मग दोघी बाजूला झाल्या, कारण मागे रांग खोळंबली होती.