दगड निवडणाऱ्या मावशीचा केरवा

नागपूरहून एक पोरगी माझ्याकडे आली होती. खाणीच्या वस्त्यांमधल्या भजनी मंडळांना गाणंबजावणं कुणी शिकवलं, यावर ती प्रबंध लिहीत होती. भरवेलीच्या मँगनीज खाणीवरच्या आमच्या मंडळात सात जण होतो. त्यातला मी एकटा उरलो, म्हणून ती इकडं मध्य प्रदेशात, बालाघाटात माझं घर शोधत आली. खुर्चीवर बसली, मोबाइल चालू केला अन् विचारलं, "बाबा, ढोलकी कुणाकडून शिकलात?"

मी म्हटलं, "कोनाकडून नाही. आपल्या बळावर."

अंगणात तेव्हा वॉर्डातले चार-पाच लोक उभे होते. मी चौथी शिकलेला माणूस. माझ्याकडे माहिती विचारायला कुणी नागपूरहून येते, हे त्यांनी पाहावं असं मला वाटत होतं. खोटं बोलण्याचं कारण एवढंच. दुसरं काही नाही.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, तिनं लिहिलेलं पान फोनवर वाचून दाखवलं. त्यात होतं, 'स्वतःच्या बळावर शिकलेले.' मी फोन मोठ्या आवाजात लावून माझ्या म्हातारीलाही ऐकवलं. तिनं ऐकलं अन् म्हणाली, "अन् खडे कोनं मांडले मंग?"

मी तिच्यावर ओरडलो. पण त्या दिवशी ताट तसंच सारून उठलो.

खडे मावशीनं मांडले होते. मावशी आमच्या नात्यातली नव्हती, अख्खी वस्ती तिला मावशीच म्हणे. ठेकेदाराच्या कामावर ती मँगनीजचे दगड निवडायची. हातोडीनं दगड फोडता फोडता तोंडानं ढोलकीचे बोल म्हणायची. काम सुटलं की विहाराच्या मागं, भुईवर ओळीनं दगड मांडायची. आठ जागा. पहिला दगड मोठा, बाकी बारीक, अन् पाचवी जागा रिकामी. "मोठ्यावर जोर दे. रिकाम्यावर हात उचल. दगड नाही मनून पळू नोको बाप्पा, तेवढं थांबाच लागते." हा आमचा केरवा ताल. माझा हात पळायचा, तर ती माझं मनगट धरून ठेवायची, रिकामी जागा सरेपर्यंत. मग पायानं सगळी ओळ मोडायची अन् म्हणायची, "आता मनात मांड."

सातही जण असेच शिकलो.

एका जयंतीला आम्हाला पहिल्यांदा स्टेज मिळालं. मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली अन् स्टेजवर पेटीच्या बाजूला बसली. लोक हसतील म्हणून मी म्हटलं, मीच म्हटलं, "मावशी, तू खाली बायकांत बस." ती "हौ रे" म्हणून उतरली. त्यानंतर विहाराच्या मागं कधी आली नाही. पुढं वस्तीतूनही गेली.

हे सगळं त्या बुधवारीच सांजेला मी त्या पोरीला फोन करून सांगितलं. वाटलं रागावेल. ती तर आनंदली. "बाबा, एक बाई शिकवत होती, हे मला आतापर्यंत कुठंच सापडलं नव्हतं! नाव सांगा त्यांचं, गाव सांगा. सोमवारी मला प्रबंध जमा करायचाय."

म्हटलं, शोधून सांगतो. नाव मला ठाऊक नव्हतं. म्हातारीलाही नाही.

गुरुवारी भरवेलीला गेलो. ठेकेदार कधीचा मेला, त्याची हजेरीची वही कुठली असणार? मावशीसोबत दगड निवडणारी एक बाई जुन्या वस्तीत सापडली. ऐकू येत नाही, कानाशी ओरडावं लागते.

"मावशीचं नाव काय होतं व?"

"लांजीवाली!"

"ते माहेर झालं! नाव?"

"लांजीवालीच मनो आमी तिले. तू तं तिच्यापाशी शिकला ना? तुले नाही ठाव?" अन् ती हसली. तिचं हसणं अजून अंगाला लागते.

शुक्रवारी बसनं लांजी. बसस्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, इथली एक लेक, भरवेलीला दिलेली, ढोलकी वाजवणारी. तो म्हणाला, "बाबा, नाम तो बताओ."

"नाम ही तो पूछने आया हूँ."

"तो आधार कार्ड देख लो!" बाकावरचे सगळे हसले. मी रागानं चहा तसाच ठेवून उठलो. उन्हात तीन मोहल्ले फिरलो. जाणती माणसं उरली नाहीत. नवी पोरं मराठीत विचारलं की नुसती तोंडाकडे पाहतात.

परत येताना बसमध्ये मी एक नाव तयार केलं. चांगलं, जुन्या बायकांना शोभेल असं. दोनदा पुटपुटून पाहिलं. कुणाला कळणार होतं?

रविवारी त्या पोरीचा फोन आला. ते नाव ओठावर होतं. निघालं नाही. म्हटलं, "नाही भेटलं पोरी."

"असू द्या बाबा. 'अज्ञात' लिहिते."

"अज्ञात काहून? सात जनाइच्या डोळ्यापुढं बसे ती. लिव, नाव विचारलं नाही. कोनं विचारलं नाही तेही लिव. माझं नाव टाक तिथं."

"बाबा, प्रबंधात असं लिहीत नाहीत."

"मंग माझं पान फाडून टाक."

ती म्हणाली, "सरांना विचारून सांगते."

आज मंगळवार. सकाळपासून दोनदा फोन लावला. घंटी जाते, ती उचलत नाही. काल प्रबंध जमा झाला असेल; त्यात माझं पान काय लिहून गेलं, मला माहीत नाही. म्हणून हे माझ्या हातानं लिहिलं. म्हातारी म्हणते, आता जेवा. म्हटलं, तिसऱ्यांदा लावून पाहतो.