एकटीला विचारायचं राहिलं

ताईनं विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र घेतलं तेव्हा मामानं विचारलं, "यात पहिला आलेला कुठे जातो, आत की बाहेर?" आठवडाभर घर हसत होतं. ताईला विनोद कळतात, पण उशिरा.

तिच्या वर्गातली एक जण बँकेतल्या फसवणुकी शोधते, एक जण बालसुधारगृहात नोकरीला आहे, एक विद्यापीठातच शिकवते. ताई तुरुंगाच्या नोकरीत लागली. शिक्षा संपायच्या आत एखाद्याला सोडायचं घाटलं की ती त्याच्याशी बोलते, त्याच्या घरी जाते आणि सोडावं की नाही ते लिहून देते. त्या अहवालाची एक प्रत कैद्यालाही मिळते, तसा नियमच आहे.

शिकताना एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती. बायकोला मारहाण करून आत गेलेल्याच्या घरी बायकोला एकटीलाच विचारायचं. नऊ वर्षं तिनं ते पाळलं. सासू, दीर, शेजारीण, सगळ्यांना ती बेधडक बाहेर काढायची. आम्ही तिला फौजदारीण म्हणून चिडवायचो.

या वेळी मात्र ती चुकली. माणसानं बायकोचा हात दोन ठिकाणी मोडला होता. घर एका खोलीचं, सासूचे गुडघे गेलेले. म्हातारीला उठून बाहेर जा म्हणायला ताईची जीभ रेटेना. सासूसमोरच विचारलं, बायको खाली बघत "येऊ देत" म्हणाली, आणि ताईनं लिहिलं, पत्नीची हरकत नाही.

सुटकेचा हुकूम निघाला. सोमवारी सकाळी तो बाहेर येणार होता. शुक्रवारी दुपारी हुकूम वाचताना ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिनं मला ऑफिसातून बोलावून घेतलं. सोबत चल, असं ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

त्यांच्या घरी जाऊन, एक सही राहिली आहे असं सांगून ताईनं त्या बाईला जिन्यात बोलावलं. मी दोन पायऱ्या खाली उभी होते. बाई डाव्या हातानं कठडा धरून उतरली, उजवा हात अजून सरळ होत नव्हता. ताईनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"तेव्हा एकटीला विचारलं असतं तर सांगितलं असतं," बाई हळूच म्हणाली. "आता ठरलेली सुटका मी नको म्हटल्यानं थांबली असं त्याला कळलं, तर तो कधी ना कधी येईलच ना, ताई?"

लेखी द्या म्हटल्यावर तिनं नकारार्थी मान हलवली आणि वर निघून गेली. वरून सासूनं कसली सही म्हणून विचारलेलं आम्हाला ऐकू आलं. उत्तर ऐकायला आम्ही थांबलो नाही. थांबायला हवं होतं.

ताई तडक तुरुंगाच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, बायकोचा जबाब नसेल तर हुकूम थांबवायला दुसरं कारण लागेल. ताईनं कागद ओढला. घरभेट नियमाप्रमाणे केली नाही, चूक माझी आहे. कैद्याशी झालेलं बोलणं पुन्हा तपासलं, त्याला पश्चात्ताप दिसत नाही, सोडू नये असं माझं मत आहे. बायकोचा त्यात एक शब्दही नव्हता. साहेबांनी विचारलं, नोकरीवर येईल, कळतंय ना? ताईनं सही केली. खाली स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव.

सोमवारी तो सुटला नाही. ताईला ताकीद मिळाली, नोकरी वाचली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मूर्खासारखं विचारलं, "आता काय भीती?"

"प्रत त्याला मिळाली," ताई म्हणाली. "वाचताना त्यानं माझं नाव दोनदा मोठ्यानं म्हटलं, असं शिपाई सांगत होता."

"पण तो आत आहे ना?"

"चौदा महिने. मग शिक्षा पुरी होते. शिक्षा पुरी झाली की सोडताना कोणालाच विचारत नाहीत, तिलाही नाही आणि मलाही नाही."