पाठीवर कवटी असलेला पतंग

घड्याळजींची बायको झुरळालासुद्धा अहोजाहो करून वाट मागते, अशी तिची जाऊ चेष्टा करायची. त्यात फारसं खोटं नव्हतं. पंख फडफडले की ती खोलीबाहेर पळायची. आणि नवरा मिळाला तो नेमका दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांचा वेडा! मागच्या बागेत तो दिवा लावलेली पेटी ठेवायचा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. उजेडाला आलेले पतंग सकाळी त्या खळग्यांत निजलेले असत. त्यांची नावं वहीत लिहायची आणि सगळ्यांना झुडपांत सोडून द्यायचं. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. तेवढा वेळ ती स्वयंपाकघराचं दार लावून बसायची.

मग त्याची डावी बाजू लुळी पडली. वरच्या खोलीतून खाली उतरणं संपलं.

"अगं, पेटी उघडशील?" एके दिवशी तो म्हणाला. "वहीत खंड पडलाय."

"मी? अहो, मला घेरी येईल."

"मग बसून उघड."

आजारपणात त्यानं काही मागितलं ते पहिल्यांदाच. तिला नाही म्हणवेना. तेव्हापासून उजाडलं की ती आधी त्याचा श्वास चालू आहे ना ते बघायची, मग जीव मुठीत धरून बागेत जायची. रंग, आकार खिडकीखालून ओरडून सांगायची. वरून तो नाव सांगायचा.

एका सकाळी तिनं शेवटचा ट्रे उचलला आणि खालून काहीतरी किंचाळलं. उंदराच्या पिल्लासारखं. ट्रे हातातून सुटला. बोटाएवढा जाड, केसाळ पतंग, पोटावर पिवळे पट्टे. आणि पाठीवर चक्क माणसाची कवटी उमटलेली.

हा यांना न्यायला आलाय, एवढंच तिला सुचलं.

"काय गं? काय पडलं?" वरून आवाज आला.

"काही नाही! पेटी रिकामीच आहे आज."

झाकण लावून त्यावर तिनं वीट ठेवली आणि धावत वर गेली. तो जिवंत होता. तिनं चहा दिला, तर कप बशीवर खडखडत होता.

"टिकटिक ऐकून मला घड्याळाचा बिघाड कळतो," तो म्हणाला. "तुझा नाही कळणार?"

तिला रडू फुटलं. "त्याच्या पाठीवर कवटी आहे. ओरडतो मेला. मी त्याला तुमच्या जवळपास फिरकू द्यायची नाही!"

चांगला हात त्यानं गादीवर आपटला. "ओरडला? नक्की? अगं, किती वर्षं वाट बघतोय मी त्याची! पोळ्यात शिरून मध चोरतो लबाड. घाबरला की ओरडतो. आण ना वर, मला बघायचाय."

तेवीस पायऱ्या होत्या. पेटी छातीशी धरून ती चढली. आत खरवडल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक पायरीला तिला वाटत होतं, आता झाकण उघडणार. पलंगावर पेटी ठेवून तिनंच ते उघडलं. पतंग सावकाश बाहेर आला आणि त्याच्या लुळ्या हातावर चढला.

"कळतंय?" भिंतीला पाठ लावून तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. डोळे भरून आले होते. "पण दिसतंय ना."

त्यानंतर तो चौदा महिने जगला. एका दुपारी जेवण झाल्यावर शांतपणे गेला.

पेटी ती अजूनही उघडते. एखादा पतंग अनोळखी निघाला तर वहीत त्याचं वेडंवाकडं चित्र काढते आणि पुढं लिहिते: नाव माहीत नाही. फार घाबरले.