आईला आल्प्समध्ये सोडलं त्याची गोष्ट

माझ्या सख्ख्या आईला मी जपानमधल्या एका डोंगराळ खेड्यात, गुडघाभर बर्फात, एकटीला सोडून पुढे निघून गेले. हेतू चांगला होता. तिला कायमचं माझ्याजवळ ठेवून घ्यायचं होतं!

गेल्या श्रावणात बाबा गेले. मी नाशिकला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. विमानं वेळेवर होती, मीच फार लांब होते. तेव्हापासून माझ्या मनात एका भीतीने घर केलं. आई एकटी असताना तिला काही झालं तर? मी एकुलती एक. म्हणून हिवाळ्यात तिला आमच्या तोक्योजवळच्या उरायासुच्या घरी घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवसापासून तिने इथेच राहावं म्हणून तिच्या मागे लागले.

"बघ, इथे कपडे आपोआप वाळतात."

"छान."

"संडासाची सीटसुद्धा गरम असते." (पहिल्या दिवशी त्या सीटवरून ती चटका बसल्यासारखी उठली होती, तो भाग मी गाळला.)

"सगळं छान आहे गं वृंदा. पण महिनाअखेर मी जाणार. माझं घर आहे तिकडे."

"एकटी कशी राहशील?"

"सगळे राहतात तशी."

आईने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. हिमरेषा, हिमनदी, हिमस्खलन सगळं फळ्यावर काढलं, पण बर्फ काही तिने पाहिला नव्हता. मी ठरवलं, एका दिवसात बर्फाळ डोंगरातली गावं आगगाडीतून दाखवायची. एवढा थाट पाहिल्यावर कोणती आई नाशिकला जाईन म्हणेल? माझा नवरा मंदार म्हणाला, "तुम्ही जा. शनिवारी मला महत्त्वाचं काम आहे."

"शनिवारी कसलं काम?"

"झोपेचं."

मी आईला सात थरांत बांधलं. ती वळली की सातही थर एकदम वळत आणि ती थांबली तरी शेवटचे दोन वळतच राहत. तिचा पासपोर्ट, फोन, चष्मा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, हातमोजे, माकडटोपी सगळं मी माझ्या पिशवीत ठेवलं. हरवायला नको!

"माझं तिकीट तरी माझ्याजवळ दे," ती म्हणाली. ते मी दिलं. मोठ्या मनाने. तिच्या खांद्याला तिची एक कापडी पिशवी होती, तिला मात्र तिने मला हात लावू दिला नाही.

तोक्योतल्या शिंजुकूहून मात्सुमोतोपर्यंत मोठ्या गाडीने गेलो आणि तिथून उत्तरेकडे जाणारी दोन डब्यांची छोटी गाडी पकडली. आम्ही मागच्या डब्यात बसलो. (रिकामा होता म्हणून. आपण किती हुशार, असं मला वाटलं होतं!) शेतं पांढरी, छपरं पांढरी, तारेवरसुद्धा बोटभर बर्फ. पानं झडलेल्या झाडांवर काकी नावाची, टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळं तशीच राहिली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बर्फाची टोपी होती. त्यामागे एकदम उंच, गंभीर पर्वत.

"हे आल्प्स," मी जाहीर केलं.

"आल्प्स युरोपात."

"इथेही आहेत. जपानी आल्प्स म्हणतात."

"त्यांना विचारलं होतं का?"

मग ती काचेवर तळवा टेकवून बसून राहिली. "ह्यांना दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाली. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे पाहत राहिले, कारण त्या क्षणी मला आईकडे पाहता आलं नसतं.

आम्हाला उतरायचं होतं ते स्टेशन जवळ आलं आणि डब्यात घोषणा सुरू झाली. मला आईला माझी जपानी दाखवायची होती. (इतकी वर्षं इथे राहून, परीक्षा देऊन कमावलेली विद्या, ती आईपुढे नाही मिरवायची तर कुठे?)

"ऐक आई, किती आदबीने बोलतात! आधी माफी मागतात, मग आभार मानतात, मग विनंती..."

"पण सांगतायत काय?"

"असंच गं, नेहमीचं काहीतरी."

सांगत होते ते असं: पुढच्या स्टेशनवर कर्मचारी नाहीत, तिथे मागच्या डब्याची दारं उघडणार नाहीत, कृपया पुढच्या डब्यात जाऊन चालकाजवळच्या दाराने उतरावं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी त्यांच्या आदबीचं कौतुक करत होते.

समोरच्या बाकावर जांभळ्या लोकरी टोपीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्या उठल्या, आईकडे पाहून त्यांनी पुढे बोट दाखवलं आणि चालू लागल्या. आईही उठली आणि त्यांच्यामागे निघाली.

"आई! इकडे! दार इथे आहे!"

"अगं, त्या तिकडे जातायत."

"त्या चुकीच्या जात असतील तर आपणही जायचं का?"

जपानमध्ये, त्यांच्याच गावात, त्यांच्याच गाडीत त्या आजी चुकतायत आणि मी बरोबर आहे, हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणाले! आई थांबली नाही. शिक्षिकेला मागून आलेल्या आवाजाकडे दुर्लक्ष करायची सवय असते. मी दाराशी ऐटीत उभी राहिले. थंडीच्या मुलखात दार आपण बटण दाबून उघडायचं असतं, एवढं ज्ञान मला होतं. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. दार जागचं हललं नाही. गाडी मात्र हलली.

काचेतून मला फलाट मागे सरकताना दिसला आणि त्यावर सात थरांतली माझी आई. मी काचेवर दोन्ही हात आपटत होते. तिला वाटलं मी टाटा करतेय. तिनेही केला!

मी पुढच्या डब्यात धावले. चालकाने पुढच्या स्टेशनात गाडी उभी केली, माझी हकिगत ऐकून घेतली आणि टोपी काढून माझी माफी मागितली. चूक माझी, माफी त्यांची! वर ऑफिसला कळवतो म्हणाले. उलट दिशेची गाडी तासाभरानंतर होती. मी उतरले, गाडी गेली, आणि मग कसलाही आवाज उरला नाही. समोर एक लाकडी खोली, एक बाकडं आणि आकाशापर्यंत बर्फ.

मी मंदारला फोन लावला.

"आई हरवली!"

तो ताडकन उठल्याचं ऐकू आलं. "कुठे?"

"स्टेशनवर. ती उतरली आणि मी गाडीत राहिले."

"म्हणजे जिथे उतरायचं होतं तिथेच ती उतरली?"

"हो!"

"आणि तू कुठे आहेस?"

"पुढे कुठेतरी. इथे कोणीच नाहीये रे."

"वृंदा, मग हरवलंय कोण?"

मी फोन बंद केला. माणूस संकटात असताना असले प्रश्न विचारू नयेत.

पिशवी उघडून पाहिली. आईचा फोन, आईचा चष्मा, आईच्या गोळ्या, आईचे हातमोजे. आईला लागणारी प्रत्येक वस्तू माझ्याजवळ सुखरूप होती, फक्त आई नव्हती. ती माकडटोपी हातात धरून मी त्या बाकड्यावर बसले आणि हमसून हमसून रडले. बाबांच्या वेळी मी एका विमानाच्या अंतरावर होते. या वेळी एका स्टेशनाच्या अंतरावर होते, आणि तरीही माझा उपयोग तेवढाच होता. तिला चक्कर आली तर? पाय घसरला तर? कोणाला सांगेल, कोणत्या भाषेत?

बसवेना, म्हणून रस्त्याने चालत निघाले. वळणापर्यंत शौर्य टिकलं. मग एक पाय रस्ता समजून बाजूच्या चरात घातला आणि कमरेपर्यंत आत गेले. कशीबशी बाहेर आले तेव्हा बूट भरून बर्फ होता. लंगडत पुन्हा त्याच खोलीत येऊन बसले.

अखेर गाडी आली. या वेळी मी चालकाच्या इतकी जवळ उभी राहिले की त्याला संकोच वाटला असावा. आईच्या स्टेशनवर दार उघडताच मी उडी मारली. फलाट रिकामा! तेवढ्यात प्रतीक्षालयातून हसण्याचा आवाज आला.

आत रॉकेलची शेगडी धगधगत होती. शेगडीसमोर पाय पसरून आई बसली होती. अंगावर सातपैकी तीनच थर उरले होते. एका बाजूला जांभळ्या टोपीच्या आजी, दुसऱ्या बाजूला त्यांची एक मैत्रीण. मध्ये थर्मास, चहाचे पेले, हिरव्यागार पाल्याचं खारवलेलं लोणचं आणि आईच्या कापडी पिशवीतून निघालेली लिंबाच्या गोड लोणच्याची बाटली. अर्धी झालेली!

"आलीस?" आई म्हणाली. "बूट काढ, ओले झालेत. आणि हे खा. मुळ्याच्या पाल्यासारखं लागतं."

"आई, मी केवढी घाबरले होते! तू काय केलंस इतका वेळ?"

"काय करायचंय? मी खुणेने सांगितलं, मुलगी पुढे गेली. त्यांनी खुणेने सांगितलं, येईल परत. मग चहा घेतला."

मैत्रीण-आजींनी माझा पाय टॉवेलात गुंडाळला आणि जीभ टाळ्याला लावून च्यक-च्यक केलं. ते कुठल्याही भाषेत कळतं.

आईने मला जवळ ओढलं. "बरं झालं आलीस. या टोपीवाल्या बाई घरात एकट्याच असतात, असं एक बोट वर करून सांगत होत्या. नीट विचार बघू."

मी विचारलं. आजी सांगू लागल्या. नवरा गेला. मुलगा तोक्योत असतो आणि दर नव्या वर्षाला म्हणतो, इकडेच या राहायला. त्या जातात, चार दिवस राहतात आणि परत येतात. का, तर इथे बर्फ साठतो, तो काढायला कोणीतरी घरात पाहिजे. शिवाय मुलाच्या घरात त्यांना काही सापडत नाही, आणि स्वतःच्या घरात दिवा लावायलाही दिवा लागत नाही.

मी आईकडे वळले. ही संधी पुन्हा येणार नव्हती. इथे मराठी येणारी मी एकटी आणि जपानी येणारीही मीच!

"त्या म्हणतात," मी जड आवाजात म्हणाले, "एकटीला फार कठीण जातं. मुलाकडे राहायला हवं होतं."

आईने आजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मग त्या हसतायत का?"

मी लोणच्याची बाटली उगाच सरळ केली.

"वृंदा, पुन्हा सांग. नीट."

मी नीट सांगितलं. बर्फाचं सांगितलं, दिव्याचंही सांगितलं. आईने आजींचा हात हातात घेतला आणि दोघी शेगडीकडे पाहत बसून राहिल्या. तो हात हातात घेताना आईचा चेहरा असा झाला होता, की मला एकदम कळलं, आपण हरलो. ती माझ्याकडे दुःखाने राहत होती आणि तिकडे दुःखासकट स्वतःच्या घरात राहणार होती.

परतीच्या गाडीची वेळ झाली तशा दोघी आजी फलाटावर आल्या. आईच्या गळ्याभोवती मफलर घट्ट केला. मग टोपीवाल्या आजी माझ्याकडे काळजीने पाहत आईला काहीतरी बोलल्या आणि पुन्हापुन्हा माझ्याकडे बोट दाखवू लागल्या.

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "म्हणतात, मुलीला अशी एकटी सोडू नका."

आईने माझे विस्कटलेले केस कानामागे सारले.

"त्यांना म्हणावं, महिनाअखेर सोडूनच जायचंय. होईल तिला सवय."

आणि हे वाक्य, एका पायात टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत, कमरेत वाकून, अत्यंत आदबशीर जपानीत मला स्वतःलाच त्या आजींना सांगावं लागलं.