बांधातली खांड

माझ्या धाकट्या भावाची राज्याच्या रणजी संघात निवड झाली तेव्हा आमच्या दैनिकाच्या क्रीडा पानावर दोन कॉलमांची बातमी आली, फोटोसह. ती मी लिहिली नव्हती. मी अलिबागला कोर्ट आणि जिल्हा कचेरी बघते, खेळ दुसऱ्याकडे आहे. पुढच्या काही वर्षांत त्याच्याबद्दलच्या बहुतेक बातम्या एका वाक्यात मावू लागल्या. 'पाठीच्या दुखापतीमुळे संघाबाहेर.' कधी पाठीऐवजी घोटा असे, कधी मांडीचा स्नायू. बाकी वाक्य तेच. संध्याकाळी पान लागताना ते माझ्या नजरेखालून जाई आणि मी फक्त शुद्धलेखन बघत असे.

तो उजव्या हाताने जलद गोलंदाजी करायचा. अशा गोलंदाजाच्या हाडाला भेग पडते ती बहुतेक वेळा कमरेच्या मणक्यात, डाव्या बाजूला. मुंबईच्या डॉक्टरांनी मला प्लॅस्टिकचा मणका हातात देऊन ते दाखवलं होतं. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला मोडते, आणि सगळा भार एका बोटभर हाडावर येतो. रोज तेच, तिथंच. शेवटी हाड तडकतं. विश्रांती दिली की भरून येतं. पुन्हा टाकायला लागलं की पुन्हा तडकू शकतं. डॉक्टर अगदी सहज बोलत होते. भावाने तो मणका घेतला, उलटा करून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

चौलच्या वाड्या संपल्या की आमच्या गावाची भातशेती सुरू होते. बाबा कारखान्यात पाळ्या करत आणि उरलेल्या वेळात शेती. भाऊ चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याची उंची एकदम वाढली आणि चेंडू टाकण्याआधीची धावही लांबली. कापणीनंतर तो आमच्या रिकाम्या खाचरात चेंडू टाकायचा, पण आता खाचर कमी पडू लागलं. पलीकडे शेजारच्या काकांचं खाचर होतं आणि मधे बांध. सामायिक.

सामायिक बांधाला हात लावणं म्हणजे काय, हे मला अलिबागच्या कोर्टात रोज दिसतं. वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ दोन वेगळ्या बाकांवर बसतात, आणि ते थकले की त्यांची मुलं येऊन बसतात. त्यामुळे बाबा काकांकडे गेले तेव्हा मुद्दाम पायरीखालीच उभे राहिले, असं आई सांगते.

"बांधाला खांड पाडायची हाय. पोराला पळायला," बाबा म्हणाले.

"केवढी?"

"पोरगा पळत जाईल एवढी. पावसाच्या आत मी भरून देतो."

काका आत गेले आणि फावडा घेऊन बाहेर आले. पहिला घाव त्यांनीच घातला. एवढंच नाही, भातानंतर ते खाचरात वाल पेरत, त्यातला भावाच्या धावण्याचा पट्टा त्यांनी त्या वर्षापासून मोकळा सोडला. काकू मात्र आमच्या अंगणात येऊन बोलून गेल्या, "यंदा पोपटीच्या मडक्यात घालायला वाल कुठनं आनू? तुझा पोरगा चेंडू शिजवून देनार हाय का?" आई हसली आणि त्यांना आमच्या शेतातले वाल ओटीभर दिले. तेव्हापासून ते दर वर्षी ठरूनच गेलं. दिवाळीनंतर खांड पडायची, पावसाच्या आधी बुजायची.

तो राज्याकडून खेळू लागला तरी खांड पडत राहिली, कारण प्रत्येक दुखापतीनंतर तो इथंच परत यायचा. मांडव्याच्या जेट्टीवर लाँचमधून उतरताना किटची बॅग दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर दिसली की मला कळायचं. पहिले काही आठवडे तो त्या पट्ट्यावर नुसता चालायचा. मग हळू पळायचा. मग चेंडू न घेता पूर्ण धाव घ्यायचा आणि टोकाला हात फिरवून थांबायचा. काकांच्या बाजूने सुरुवात, खांडीतून आमच्या बाजूला. बाबा खळ्यात बसून बघत. तो खांडीतून पार झाला की त्यांची मान किंचित हलायची.

पाठीवर शस्त्रक्रिया झाली त्यानंतरच्या हिवाळ्याची ही गोष्ट. तो सत्तावीस वर्षांचा होता. दोन मोसम संघाबाहेर होता. प्रशिक्षकांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की संक्रांतीनंतर मुंबईत शिबिर आहे, तिथल्या सराव सामन्यात दोन स्पेल नीट टाकलेस तर मी तुझ्यासाठी भांडेन, नाहीतर मला नव्या मुलांचा विचार करावा लागेल. तो घरी थांबून तयारी करत होता. कोणत्या दिवशी किती चेंडू टाकायचे हे मुंबईहून फिजिओ फोनवर सांगत असे. त्याहून एकही जास्त नाही.

त्याच सुमारास आमच्या गावाचा संघ तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचला. किनाऱ्यावरच्या गावांत या स्पर्धांचं काय महत्त्व आहे, ते बाहेरच्याला सांगणं अवघड. नियम एकच, एका गावाचा एक संघ आणि खेळाडू गावचाच हवा. संघ ग्रामदेवतेच्या नावाने उतरतो. हरलं की वर्षभर शेजारच्या गावच्या रिक्षावाल्यांचे टोमणे खावे लागतात.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. बाबा गेले. जेवायच्या वेळेला परत आले, पाय धुतले आणि पानावर बसण्याआधी म्हणाले, "मी शब्द दिलाय."

"कसला?" भावाने विचारलं. तो जेवत होता.

"मॅचला तू एक ओव्हर टाकशील."

भावाने घास खाली ठेवला. "बाबा, शिबिर तोंडावर हाय."

"टेनिस बॉल हाय. लोण्याचा गोळा. त्यानं काय होतंय?"

"तोच वाईट असतो."

हे त्याने त्या दिवशी समजावून सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. सीझनच्या, म्हणजे कातडी चेंडूला स्वतःचं वजन असतं, तो हातातून सुटताना थोडं काम स्वतः करतो. टेनिसचा चेंडू हलका. त्याला वेग द्यायचा तर सगळं अंगानेच द्यावं लागतं, खांदा आणि कंबर झटकून. गावात मात्र सगळ्यांची उलटी खात्री होती. चेंडू मऊ, म्हणजे अंगालाही मऊ. बाबांचीही तीच होती. ज्या माणसाने मुलाचे एक्स-रे उजेडाला धरून पाहिले होते, त्याचीही.

आई चुलीपासून म्हणाली, "जीभ तुमची, पाठ त्याची. मला न्हाय कुनी इचारलं."

"गावकीत तुला कोन इचारनार?"

"न्हाय ना? मग शेकायला मीठ पन गावकीलाच तापवू दे."

भावाने पानातला भात कालवला. मग त्याने विचारलं, "काकांनी विषय काढला?"

"काकांनीच."

"खांडीचं काही बोलले?"

"ते कशाला बोलतील?" बाबा म्हणाले.

भावाने जेवण संपवलं. हात धुताना तो म्हणाला, "एकच ओव्हर." त्याने फिजिओला कळवलं नाही.

सामना पुढच्या रविवारी रेवदंड्याच्या बाजूच्या एका गावात होता, भात काढलेल्या शेतात रोलर फिरवून केलेल्या मैदानावर. मोबाइलवर थेट प्रक्षेपण होतं आणि झाडाला दोन कर्णे बांधलेले. भाऊ धाव मोजायला निघाला तसा समालोचक सुरू झाला, "आले हो आले, राज्याचे गोलंदाज आले. फलंदाजाच्या घरच्यांनी जेवण झाकून ठेवावं, तो लवकरच घरी येतोय. पंच, टोपी सांभाळा." लोक हसले. बाबा आणि काका एकाच बाकावर बसले होते. मी रविवारची सुट्टी म्हणून आले होते.

पहिल्या चेंडूवर फलंदाजाने बॅट हलवली तेव्हा चेंडू यष्टिरक्षकाकडे पोचला होता. दुसऱ्यावर यष्टी गेली. आमच्या गावाची मुलं मैदानात धावून आली, त्यांना हाकलावं लागलं. तिसरा चेंडू रिकामा. चौथा टाकून तो पुढे गेला आणि नेहमीसारखा वळला नाही. क्षणभर तसाच उभा राहिला, जणू फलंदाजाकडे बघतोय. मग हळू चालत मागे आला, पण आपल्या खुणेपर्यंत गेला नाही. उरलेले दोन चेंडू त्याने चार पावलांवरून, फिरकी टाकतात तसे टाकले.

"साहेब मुंबईला राहून दमले," समालोचक म्हणाला. "लाँच लागलेली दिसतेय." पुन्हा हशा झाला. बाबा हसले नाहीत. त्यांनी ती धाव एवढी वर्षं खळ्यात बसून पाहिली होती.

गाव जिंकलं. देवीच्या नावाने घोषणा झाल्या, गुलाल उडाला. फोटोत सगळे पुढच्या ओळीत उकिडवे बसले आहेत आणि भाऊ मागे उभा आहे. काकांचा मुलगा संघाचा कप्तान. तो त्याला म्हणाला, "बस की रं पुढं, तुझ्यामुळंच फायनल गाठली." भाऊ म्हणाला, "उंच मानूस मागंच बरा."

घरी आल्यावर तो पडवीत खांबाला टेकून उभा राहिला. बुटांकडे बघत होता. त्याला वाकता येत नव्हतं. आई आत मीठ तापवायला गेली होती. बाबा पुढे झाले, त्याच्या पायाशी बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. भाऊ छताकडे बघत राहिला. 

अलिबागला एमआरआय झाला. भेग होती. तो शिबिराला गेला नाही. आमच्या क्रीडा पानावर ते पुन्हा एका वाक्यात आलं आणि या वेळीही मी शुद्धलेखन बघितलं. पुढच्या मोसमात संभाव्य खेळाडूंत त्याचं नाव नव्हतं. निवृत्तीची बातमी आलीच नाही, कारण त्याने ती जाहीर केली नाही आणि कुणी विचारलं नाही.

बाबांनी मला एकदाच विचारलं, मी अलिबागला निघाले होते तेव्हा. "तू डॉक्टरला इचार. त्या ओव्हरनंच झालं का?"

मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचं उत्तर मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. भेग त्या दिवशी पडली असू शकते, आधीपासून असू शकते, शिबिरातही पडली असती. नक्की सांगता येत नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. "म्हंजे न्हाय असं न्हाय म्हनला तो," ते म्हणाले.

"हो असंही नाही म्हणाले."

"व्हय," बाबा म्हणाले, आणि गोठ्याकडे गेले. त्यानंतर ते गावकीला गेले नाहीत. आमच्या घरातून कुणी तरी जायला हवं म्हणून भाऊ जातो. मागे भिंतीला टेकून बसतो, कारण मांडी घालून फार वेळ बसता येत नाही.

आता तो अलिबागजवळ बंगल्यांच्या एका वसाहतीच्या मैदानावर मुलांना शिकवतो. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांची मुलं. करून दाखवत नाही, तोंडाने सांगतो. चांगलं सांगतो, असं पालक म्हणतात. लावणीच्या दिवसांत तो शेतात येत नाही. वाकून करायचं काम त्याला मना आहे, आणि लावणीत दुसरं काम नसतं.

गेल्या दिवाळीनंतर मी घरी होते. भात झोडून झालं होतं. बाबा आणि भाऊ खळ्यात पेंढा रचत होते, म्हणजे बाबा रचत होते आणि भाऊ उभ्याने वर देत होता. तेवढ्यात पलीकडून फावड्याचा आवाज आला. काका बांधावर होते, एकटेच. दर वर्षीच्याच जागी खांड पाडत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी हातातला पेंढा खाली ठेवला, पण ते उठले नाहीत. भाऊ बांधाकडे गेला.

"काका, यंदा मी पळनार न्हाय."

"म्हाईत हाय मला." काकांनी फावडा थांबवला नाही.

"मग वाल पेरा की सगळीकडं. काकू बोलतील."

"ती कवा बोलत न्हाय?" काकांनी ढेकूळ बाजूला टाकलं. मग ते सरळ झाले, दम घेतला. "मला न्हाय कळलं रं, पोरा. मला वाटलं, मऊ बॉल हाय."

भाऊ म्हणाला, "सगळ्यांनाच वाटलं, काका."

काकांनी मान हलवली आणि खांड पुरी केली. वाल पेरले, पण तो पट्टा मोकळा सोडला. त्यावरून हिवाळाभर काकांची गुरं आमच्या बाजूला येत-जात राहिली. बाबांनी ती एकदाही हाकलली नाहीत.

पावसाआधी नेहमीप्रमाणे खांड बुजवली. काका माती ओढत होते, बाबा पाणी घालत होते. भरलेली माती पायांनी तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर पहिल्याच पाण्याला बांध वाहून जातो. त्या कामाला वाकावं लागत नाही. भावाने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खांडीत उभा राहून तो माती तुडवू लागला. बाबा म्हणाले, "बास, झालं." तो म्हणाला, "अजून मऊ लागतेय," आणि बराच वेळ तिथंच पाय आपटत राहिला.