बाकावर बिघडवलेला चेहरा

मी तेव्हा परळच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि रविवारी शिवडी बंदरावर जाऊन तैलरंगात चित्रं रंगवत होते. रंग बरे लागत, रेखाटन कच्चं होतं. गिरगावातल्या माझ्या सरांनी चिखलात टेकलेल्या गलबताचं माझं चित्र पाहिलं आणि म्हणाले, "आकाश उत्तम. गलबत मात्र भिजलेल्या पुठ्ठ्याचं वाटतं. रेघ चुकली की तू वर रंग थापतेस. सहा महिने रंगाची पेटी बंद. पेन्सिल आणि वही, बस्स."

पेटी माळ्यावर टाकली. रोज एक तास, समोर दिसेल ते काढायचं. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घ्यायचं. सर म्हणत, माणूस नाकाडोळ्यांवरून ओळखू येत नाही, त्यांच्यामधल्या अंतरांवरून ओळखू येतो. दोन महिन्यांत माझी अंतरं जमू लागली.

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत गिरणीत काम करणारे एक दादा राहत. मालवणकडचे. ते गॅलरीत दाढी करायला बसले की मी त्यांना काढत असे. "बाई, गालफाडां भरून काढा हां," ते म्हणत, "गावाक आवशीक धाडूचां आसा." आईला पाठवायचं असलं तरी मी गालफाडं होती तशीच काढली. चेहरा हुबेहूब उतरला. माझ्या हातून जमलेला तो पहिलाच.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. हरताळ, लाठीमार, गोळीबार. दादा सभांतून बोलत, हरताळाच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर सगळ्यांत पुढे असत. पोलीस त्यांना धरायला आले तेव्हा ते घरी नव्हते, आणि नंतर आलेच नाहीत. पोलिसांकडे त्यांचा फोटो नव्हता. घरात लग्नातला एकच होता, तो त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, गावी पाठवून दिला. मग त्या माझ्याकडे आल्या.

"तां चित्र खंय आसा?"

"वहीत."

"चुलीत घाल गो बाय."

"घालते," म्हटलं. घातलं नाही. कारण सांगायला आजही लाज वाटते: इतकं चांगलं मी पूर्वी काढलं नव्हतं. झडती झालीच तर वही घरात सापडू नये म्हणून ती पिशवीत घेऊन फिरायची, एवढी अक्कल मात्र चालवली.

पुढच्या रविवारी शिवडीला गेले. गोदामांवर त्या आठवड्यात पहारा बसवला होता, हे मला ठाऊक नव्हतं. एका गोदामाच्या छपराचं माप घेत हात ताठ करून उभी होते, तर मागून हवालदार.

"काय मोजताय?"

"चित्र काढतेय."

"त्याला एक डोळा कशाला मिटावा लागतो? चला चौकीवर."

चौकीत पत्ता विचारला, मी खरा सांगून बसले. आमच्या चाळीतला कोण माणूस हवा आहे, हे तोवर प्रत्येक चौकीला माहीत होतं. हवालदारांनी वहीची चार पानं उलटली. होड्या, दोरखंड, कावळे. त्यांना जांभई आली. "साहेब जेवायला गेलेत. ते बघतील. बसा." वही माझ्या मांडीवर टाकली.

मी बाकावर बसले. दादा वहीच्या मधोमध होते. पान फाडलं तर आवाज होणार. पुसलं तर पुसलेलं दिसणार. वरून रेघा वाढवणं तेवढं शक्य होतं. पेन्सिल काढली. मनगट गुडघ्यावर दाबून धरलं.

"काय चाललंय?"

"सराव."

"करा, करा. आमच्या नायगावच्या पोलीस लायनीत एक जण भिंतीवर मारुती काढतो. तुमच्यापेक्षा बरा."

गाल भरले. भुवया जाड करत करत मध्ये जुळवल्या. कान बोटभर वर चढवला, जुना केसांखाली गाडला. जबडा सावली देऊन रुंद केला. दोन महिने अंतरं नीट ठेवायला शिकले होते, ती एकेक करून हलवली. दारात बूट वाजले तेव्हा हनुवटी चालली होती.

साहेबांनी वही चाळली आणि नेमकं तिथेच थांबले.

"हा कोण?"

"कुणी नाही. मनानं काढलाय."

"मनानं?" ते वही घेऊन खिडकीपाशी गेले. ते हवालदारांना म्हणाले, "याला बघितलंय रे मी. त्या लाकडाच्या वखारीजवळ तर नाही?"

"असेल साहेब. असली थोबाडं घोडपदेवला गल्लोगल्ली."

साहेबांनी पान फाडलं, टेबलावरच्या कागदांत ठेवलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "निघा. बंदरावर पुन्हा दिसू नका."

बाहेर उन्हात आले. दादा वाचले होते, पण मला सुटल्यासारखं वाटेना. मी अंतरं हलवली होती खरी, पण ती नव्या ठिकाणीही बरोबर बसली होती. तसा माणूस असू शकत होता. आणि त्याचं चित्र आता पोलिसांकडे होतं, माझ्या हातचं.

घरी वहिनींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "चुलीत घालूक सांगितलंय तुका." मी उरलेली वही त्यांच्यासमोर चुलीत घातली.

त्यानंतर कितीतरी दिवस मी बायकांकडे पाहिलंच नाही. नजर पुरुषांच्या कानांवर आणि भुवयांवर. शाळेतून मुद्दाम लांबच्या वाटेनं, घोडपदेववरून घरी येई. एका संध्याकाळी वखारीसमोर तो दिसला. फळ्या उचलत होता. भुवया जुळलेल्या, जबडा रुंद. कान मुंडाशाखाली होते, त्यामुळे खात्री नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय पाहिजे, ताई?"

काय सांगणार होते? "काही नाही," म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

धरपकड थांबल्यावर, काही महिन्यांनी दादा परत आले. त्या वखारीवरून मी पुन्हा गेले नाही. तो माणूस अजून तिथे आहे की नाही, हे मला बघायचं नव्हतं.