उडत्या जहाजावरचा दवाखाना

मोटारसायकल घसरून माझं उजवं मनगट मोडलं, त्या पावसाळ्यातली ही गोष्ट. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, बोटांना बारीक काम द्या, काहीही द्या. मी मोबाइलवरून जहाजाचं एक किट मागवलं. विमानं वाहून नेणारी युद्धनौका, हातभर लांब. शेकडो करडे भाग प्लास्टिकच्या चौकटींत काड्यांनी अडकलेले. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे.

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वसाहतीत, वीज केंद्राच्या क्वार्टरात तेव्हा मी एकटाच होतो. बायको नर्स. तिची बदली गडचिरोलीत चामोर्शीच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य उपकेंद्रात झाली होती. महिन्यातून दोनदा ती एसटीनं यायची. पावसाळ्यात गावाआधीचा नाला भरला की रस्ता बंद. लाइट जायची, पाठोपाठ मोबाइलचा टॉवर बंद पडायचा आणि आमचं बोलणं थांबायचं.

पहिल्याच आठवड्यात मी जहाज बिघडवलं. बोटं थरथरली, बुडाचे दोन अर्धे भाग वाकडे चिकटले आणि मधे करंगळी जाईल एवढी फट राहिली. शेजारच्या क्वार्टरात मुलाकडे राहणारे एक चाचा होते. चंद्रपूरच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती. माझ्यासाठी त्यांनी आपले जुने बारीक चिमटे आणले होते. ते फट बघून हसले.

“पानी में तो ये गया. आता हवेत चालवा ना भाऊ. हवेत कोन पानी भरते?”

ते गमतीनं बोलले, पण मी ते मनावर घेतलं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं कापून चार मोठ्या कड्या केल्या, जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची पाती तासून त्यांत बसवली. दोन कड्या पुढे, दोन मागे. त्यांच्या जोरावर जहाज उभंच्या उभं वर चढणार, असा माझा हिशेब. चौकटीच्या काड्या मेणबत्तीवर तापवून ताणल्या की केसासारखी तार निघते, तिच्या अँटिना केल्या.

त्याच दिवसांत नाला भरला. एक दिवस, दोन दिवस, तिचा फोन लागेना. मी मोबाइल खिशात ठेवून काम करायचो आणि दर थोड्या वेळानं बाहेर काढून बघायचो. भीती वाटली की हात आपोआप चालायचा. डेकवर लढाऊ विमानं चिकटवायची होती, ती मी डब्यातच ठेवली. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या पट्टीतून सहा खाटा कापल्या. मागच्या बाजूला बाळंतपणाची खोली केली. पूर आला की हे जहाज जंगलावरून जाईल, गावावर थांबेल, माणसं उचलून आणेल. चाळिशीतला माणूस मी, पण खरंच इतकं ठरवून करत होतो.

सहाव्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं. रंग फवारायचा तर असाच कोरडा दिवस हवा. खोलीत वास कोंडतो म्हणून मी जहाज घेऊन गच्चीवर गेलो. मोबाइल चार्जिंगला लावून खालीच ठेवला. पांढऱ्या रंगाचा एक हात दिला, तो वाळू दिला, दुसरा दिला. चाचाही वर आले. आम्ही बोलत बसलो.

खाली आलो तेव्हा मोबाइलवर तिचा मेसेज होता. ‘बाई अडली आहे. नाला पार होत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन करा, बोट पाठवा म्हणा. माझा कोणालाच लागत नाही.’

मेसेज येऊन दोन तास झाले होते.

मी फोन केला. डॉक्टरांनी एका शब्दानंही विचारलं नाही, लगेच बोट काढली. त्यापुढचं मला काही कळलं नाही.

तीन दिवसांनी ती आली. चिखलानं माखलेली चप्पल दाराशी काढली आणि पाणीही न घेता खुर्चीत बसली. जहाज टेबलावर होतं. तिनं ते पाहिलं. काय बोलावं सुचेना म्हणून मीच सांगायला लागलो, “हे उडते. इथी पेशंट, इथी डिलिव्हरी…”

“बाळ गेलं,” ती म्हणाली. “बोट आली, पण त्याच्या आधीच गेलं. आई वाचली.”

मी जहाज टेबलाच्या कडेला सरकवलं.

“टेकडीवर चढली मी रेंजसाठी. पाच जनायले मेसेज टाकले. तुमचाच एक पोचला म्हणून दिसलं. तुमी कवा पाह्यला?”

खोटं बोलता आलं असतं. “दोन तासानं. गच्चीवर रंग देऊन राह्यलो होतो.”

ती ओरडली नाही. उठली, आंघोळ केली, दार लावून झोपली. दोन दिवस राहिली आणि परत कामावर गेली. जाताना एवढंच म्हणाली, “लवकर बोट आली असती तरी काय झालं असतं, हे डॉक्टरलेही सांगता नाई येत.” हे तिनं माझ्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, मला अजून कळलेलं नाही.

जहाज मी मोडलं नाही. मोडलं तर सुटल्यासारखं होईल असं वाटलं. जुन्या चादरीत गुंडाळून ते कपाटावर ठेवलं.

हिवाळ्यात मी तिच्यासोबत त्या गावाला गेलो. मेसेज मी दोन तास उशिरा पाहिला, हे मला त्या बाईला भेटून सांगायचं होतं. वाटेत मी तसं म्हणालो. बायको चालता चालता थांबली.

“तुमचं मन हलकं कराले तिच्यावर काऊन टाकता? तिनं तुमाले माफ कराचं, हेबी कामच ना तिच्यामागं?”

मी तिच्या मागून चालत राहिलो.

बाई अंगणात धान वाळवत होती. अगदी लहान वयाची. तिनं आम्हाला बाज टाकून दिली, चहा केला. बायकोचा हात धरून तिनं सांगितलं, “त्या दिवशी नर्सबाई होत्या म्हनून मी हावो.” मग माझ्याकडे वळली. “तुमी फोन केला म्हनून बोट आली म्हंतात. बाईनं सांगतलं.”

मी बायकोकडे बघितलं. ती कपातल्या चहाकडे बघत होती. मी मान हलवली आणि चहा संपवला.

परतताना नाल्यात घोट्याएवढंच पाणी होतं. चपला हातात घेऊन आम्ही तो ओलांडला. पलीकडे गेल्यावर मी विचारलं, “मी बोललो नाई, बरोबर केलं काय?”

“मले नाई माहीत,” ती म्हणाली, आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.